निळा तिलापिया: थंडी आणि आतड्यातील सूक्ष्मजीव

निळा तिलापिया (शास्त्रीय नाव: ओरिओक्रोमिस ऑरियस) हा उत्तर आफ्रिका व मध्यपूर्वेतील गोड्या पाण्यातील मासा आहे. उजनी जलाशयातील 'चिलापी' ही त्याची जवळची नातलग. तिलापियांमध्ये हा त्यातल्या त्यात काटक मानला जातो. तरीही कडाक्याच्या हिवाळ्यात मत्स्यशेतीच्या तळ्यांत तो मोठ्या संख्येने मरतो.

माशाच्या शरीराचे तापमान पाण्याप्रमाणे बदलते. (त्याला 'थंड रक्ताचा' म्हणण्याची रूढी आहे, उन्हाळ्यात मात्र ते रक्त थंड नसते.) गारठ्यात पेशींची आवरणे ताठर होऊ लागतात, तेव्हा मासा त्यांतील असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवून ती लवचीक राखतो. तोच गारठा त्याच्या आतड्यातील जिवाणूंनाही सोसावा लागतो. हे जिवाणू पचनास हातभार लावतात. त्यांपैकी सीटोबॅक्टेरियम तर ब-१२ जीवनसत्त्वही तयार करतो.

इस्रायलमधील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात थंडी सोसणारे व न सोसणारे असे निवड-पैदाशीतून तयार केलेले निळ्या तिलापियाचे दोन गट तपासले. दोन्ही गटांच्या आतड्यातील जिवाणूंची घडण वेगळी आढळली. तापमान उतरवल्यावर नाजूक माशांतील जिवाणूसमूह अधिक बदलला, काटक माशांतील बराचसा टिकून राहिला. म्हणजे निवड माशांची केली, पण तिचा ठसा जिवाणूंवरही उमटला.

जिवाणू स्थिर राहिल्यामुळे मासा तगतो, की तगणाऱ्या माशाच्या पोटात जिवाणू स्थिर राहतात, हे मात्र एवढ्यावरून ठरत नाही. त्यासाठी एका गटातील जिवाणू दुसऱ्या गटाच्या जंतुविरहित पिल्लांत सोडून पाहावे लागतात.