वारसाचा दाखला

दाखला हाती आला की माणूस मालक झाला, असा आपल्या गावागावांतून समज आहे. हा दाखला ज्या कायद्याखाली मिळतो तो १८२७ चा, मुंबई सरकारचा आठवा रेग्युलेशन. पेशवाई बुडून तेव्हा नऊच वर्षे झाली होती. एल्फिन्स्टनच्या अमदानीतील या कायद्याने वारसाला कोर्टात ओढले नाही, हे त्याचे शहाणपण. वारसाने खुशाल वहिवाट करावी. मयताचे ऋणको किंवा त्याची चीजवस्तू बाळगणारे यांना निर्धास्तपणे व्यवहार करता यावा, एवढ्यासाठी वाटल्यास अर्ज करावा. मग कोर्ट जाहीरनामा काढते : हरकत असेल त्याने महिन्याच्या आत हजर व्हावे.

हा महिना मोठा नाजूक! विधवेला किंवा सासरी गेलेल्या मुलीला जाहीरनाम्याची वार्ताही नसते, आणि दाखला दिराच्या हाती पडतो. पण त्याने तिचा हक्क बुडत नाही. तूर्त कारभार कोणाकडे, इतकेच तो दाखवितो, असे सातवे कलमच सांगते. हक्कासाठी तिला दिवाणी दावा मोकळा आहे.

येणे कर्ज आणि रोखे यांसाठीचा दाखला निराळा, १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याखालचा. तो मयत राहत असे तेथील कोर्टात मागावा. मृत्युपत्राचे प्रोबेट तर तिसरेच. मुंबई शहरात केलेल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना ते त्याच कायद्याच्या २१३ व्या कलमाने आवश्यक होते, पुण्यासाताऱ्याच्या मृत्युपत्रांना सहसा नव्हते. २०२५ साली संसदेने ते कलमच काढून टाकले.