तबकडीचें दुकान आणि श्रोत्यांचा इतिहास

संगीताचा इतिहास लिहिणारे बहुधा गवयांचा इतिहास लिहितात. ऐकणारांचा इतिहास लिहिण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाहीं. गवयाचें घराणें, त्याचे गुरु, त्याचे आश्रयदाते यांची वंशावळ सांगतां येते. श्रोत्याला घराणें नसतें. तथापि गेल्या सव्वाशें वर्षांत आपल्याकडे जो सामान्य, परंतु जाणता श्रोता निर्माण झाला, त्याची शाळा शोधूं गेल्यास ती एका उपेक्षित जागीं सांपडते. ती जागा म्हणजे ग्रामोफोनच्या तबकड्या विकणारें दुकान.

या कथेच्या आरंभीं दोन घटना आहेत. ५ मे १९०१ रोजीं विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. पुढें दीड वर्षानें, नोव्हेंबर १९०२ मध्यें, फ्रेड गैसबर्ग या ध्वनिमुद्रकानें कलकत्त्यास येऊन गौहरजान प्रभृति कलावंतांचीं गाणीं मुद्रित केलीं. एकाचा हेतु विद्येचा प्रसार, दुसऱ्याचा केवळ व्यापार. पण दरबार आणि खासगी बैठक यांच्या भिंती दोघांनींही खिळखिळ्या केल्या. विद्यालयानें शिकणारास दार उघडलें, तबकडीनें ऐकणारास.

आरंभीं हीं मुद्रणें जर्मनींतील हानोव्हर येथें धाडून तेथें तबकड्या छापीत. १९०८ मध्यें कलकत्त्यांत सियालदह येथें कारखाना निघाल्यावर त्या येथेंच होऊं लागल्या. तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें गाणें मावे. तासभर चालणारा ख्याल तेवढ्यांत बसविणें म्हणजे गंगा गडूंत भरणें, असा आक्षेप जुन्या गवयांनीं घेतला असल्यास त्यांत आश्चर्य नाहीं. परंतु त्या गडूंतलें पाणी घरोघर पोंचलें. ज्या गायिकांच्या बैठकीस जाणें प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांस शक्य नव्हतें, त्यांचे आवाज माजघरांत ऐकूं येऊं लागले. हा सामाजिक पालट एखाद्या सुधारकाच्या व्याख्यानानें झाला नाहीं. तो दुकानदाराच्या सुईनें झाला.

आमच्या नाशिकला या कथेंत विशेष स्थान आहे. विष्णु दिगंबर उत्तरायुष्यांत येथें राहिले, त्यांचा रामनाम आधार आश्रम येथलाच. १९३१ मध्यें मिरजेस त्यांचा देह पडला. त्यांचे शिष्य नारायणराव व्यास हे पुढें तबकड्यांमुळें घरोघरीं परिचित झाले. म्हणजे गुरूच्या विद्यालयानें घडविलेलें गाणें कंपनीच्या तबकडीनें पसरविलें. पुत्र दत्तात्रेय यांचा जन्म १९२१ मध्यें नाशिकचा. ते १९५५ मध्यें अवघ्या चौतिसाव्या वर्षीं वारले. हयातींत निघालेल्या त्यांच्या तबकड्या तीन मिनिटांच्याच. पण त्या निर्मळ स्वराची ओळख आज त्यांना कधींही न पाहिलेल्यांस होते, ती याच तुकड्यांवरून. उलट भास्करबुवा बखले १९२२ मध्यें गेले. त्यांचें गाणें ऐकावयास मिळेल अशी एकही तबकडी नाहीं. शिष्यांच्या आठवणींवर आपणांस समाधान मानावें लागतें.

व्यापारी जें खपेल तेंच छापतो, म्हणून तबकड्यांचा इतिहास हा बाजाराचा इतिहास आहे, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. मात्र छापलेल्या ग्रंथांविषयींही हेंच म्हणतां येईल, आणि म्हणून कोणी ग्रंथालयें मोडीत नाहीं.

१९४८ मध्यें अमेरिकेंत दीर्घ मुद्रिका निघाली व एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणें मावूं लागलें. पूर्वीं अनेक तबकड्या पुस्तकासारख्या बांधणींत ठेवीत, तिला अल्बम म्हणत. तें नांव आतां एका मुद्रिकेस चिकटलें. अमीरखां यांचा मारवा सावकाश ऐकण्याची सोय याच मुद्रिकेनें केली, आणि बीटल्सच्या काळीं रॉक संगीताचे रसिक सुटें गाणें सोडून सबंध अल्बम ही एक कृति मानूं लागले, तेही तिच्याच जोरावर. ख्यालाचा भोक्ता आणि रॉकचा भक्त एरवीं एकमेकांचें तोंड पाहते ना. पण मुंबईच्या ऱ्हिदम हाउससारख्या दुकानांत ते एकाच छपराखालीं उभे असत. शेजाऱ्यासाठीं लावलेली मुद्रिका कानीं पडून आपली आवड पालटे, हा अशा दुकानाचा खरा गुण. तें दुकान २०१६ मध्यें बंद झालें.

आज हवें तें गाणें खिशांतल्या यंत्रांत मिळतें. त्याबद्दल तक्रार करणें कृतघ्नपणाचें होईल. अमेरिकेंत २०२२ मध्यें सी. डी.पेक्षां तबकड्याच अधिक खपल्या, यावरून हातांत धरतां येणाऱ्या गाण्याची ओढ नव्या पिढीसही आहे असें दिसतें. पण नव्या तबकड्या पैसे टाकून पुन्हां छापतां येतील. जुन्या लाखेच्या तबकड्या फुटल्या कीं फुटल्या. गायकाचें नांव, राग, कंपनीचा क्रमांक हें सारें त्यांच्या कागदी चकतीवर असतें. ग्रंथाच्या मुखपृष्ठाइतकाच तो इतिहासाचा पुरावा आहे. मुंबईंत १९९० मध्यें स्थापन झालेल्या तबकडी-संग्राहकांच्या संस्थेनें हें ओळखलें.

वाडे पाडले जात असतां माळ्यावरच्या पेट्या भंगारवाल्याच्या हातीं जाण्यास वेळ लागत नाहीं. ज्या नगरींत सार्वजनिक वाचनालय १८४० पासून नांदत आहे, तेथें तबकडीस ग्रंथाची योग्यता द्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे. दुकानें गेलीं तीं परत आणतां येणार नाहींत. त्यांनीं घडविलेल्या श्रोत्याच्या इतिहासाचीं साधनें अद्यापि वांचवितां येतील.