यंत्रविद्येचे शिक्षण : हातोडी आणि आराखडा



दहावीचा निकाल लागला की आमच्या युनियनच्या कचेरीत आईबापांची रीघ लागते. कुणी कोरपन्याकडचे, कुणी जिवतीच्या डोंगरावरचे, कुणी याच गावातले. पोराला ‘मेकॅनिकल’चा डिप्लोमा करावयाचा आहे, चंद्रपूरला पाठवू की नागपूरला, असे विचारतात. सगळे विचारून झाले, चहा झाला, की उठता उठता एक प्रश्न हळूच येतो : “साहेब, शिकल्यावर पोराले हात काळे तर नाही करावे लागणार ना?”

हा प्रश्न ऐकून आम्हांला राग येत नाही. ज्या बापाने तीस वर्षे सिमेंटची धूळ खाल्ली, त्याने मुलासाठी स्वच्छ हात मागितले तर त्याला दोष कोणी द्यावा? परंतु यंत्रविद्येच्या शिक्षणाचा सारा इतिहास या एका प्रश्नात दडलेला आहे, असे आमचे मत आहे. आज तो इतिहास आपणांपुढे ठेवावा, एवढाच आमचा हेतू. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते रात्रपाळी आटोपून वाचले आणि जे कळले ते फिटर मिस्त्रींच्या मागे पान्यांची पिशवी वाहताना कळले. तेव्हा पंडिताचे भाषण ऐकावयास कोणी आले असेल, तर त्याची निराशा होईल.

आरंभ जरा दूरच्या देशापासून करू. यंत्राचा आराखडा आज जगभर ज्या पद्धतीने काढतात, म्हणजे वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी, बाजूने कशी, ती पद्धत शास्त्रशुद्ध केली गास्पार मोंज या फ्रेंच गणित्याने. हा मोंज फेरीवाल्याचा मुलगा. मेझिएर येथील लष्करी शाळेत सरदारांची मुले शिकत. मोंज सामान्य घरातला, म्हणून त्याला नकाशे काढणाऱ्यांच्या विभागात बसविले. तेथे त्याने किल्ल्याच्या बांधणीचे एक किचकट गणित भूमितीच्या नव्या रीतीने इतक्या लवकर सोडविले, की वरिष्ठांचा आधी विश्वासच बसेना. पुढे ती रीत लष्करी गुपित म्हणून कित्येक वर्षे दडवून ठेवण्यात आली. १७९४ साली पॅरिसमध्ये एकोल पोलितेक्निक निघाली, तिच्या संस्थापकांत हाच मोंज होता. ज्याला कनिष्ठ समजून हातकामाकडे ढकलले, त्याच्याच हातून अभियंत्यांची भाषा जन्मली!

ब्रिटनमध्येही तेच. ग्लासगोच्या विद्यापीठात जेम्स वॅट हा प्राध्यापक नव्हता, उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर होता. न्यूकोमेनच्या इंजिनाचा नमुना दुरुस्तीला आला, त्यात वाफ किती वाया जाते हे त्याला दिसले आणि १७६५ साली वेगळ्या कंडेन्सरची कल्पना त्याला सुचली. वाफेपासून शक्ती कशी मिळते याचा शास्त्रीय ग्रंथ कार्नोने लिहिला तो १८२४ साली. म्हणजे इंजिन आधी धावले आणि त्याचे शास्त्र मागून आले. जॉर्ज स्टीफन्सन हा कोळशाच्या खाणीवरील मजूर. अठराव्या वर्षापर्यंत त्याला अक्षर येत नव्हते, रात्रीच्या शाळेत पैसे भरून तो वाचावयास शिकला. १८४७ साली बर्मिंगहॅमला यांत्रिक अभियंत्यांची संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष तोच झाला.

आता आपल्या देशाकडे वळू. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, पुण्यात एक शाळा निघाली. तिचे मूळ नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे : ‘पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’. नावातच दोन गोष्टी होत्या, अभियंत्यांचा वर्ग आणि यंत्रकामाची शाळा. एका छपराखाली पुस्तक आणि हातोडी नांदावी असा तो संकेत होता. परंतु सरकारला काय हवे होते? रस्ते, पूल, कालवे, इमारती, आणि त्यांवर देखरेख करणारे हाताखालचे अंमलदार. म्हणून त्या शाळेचे पुढे ‘सिव्हिल इंजिनियरिंग कॉलेज’ झाले. सर विश्वेश्वरय्या १८८३ साली तेथून उत्तीर्ण झाले ते स्थापत्याचे अभियंते म्हणून. यंत्रशाखेची पदवी तेथे आली ती १९१२ च्या सुमारास, म्हणजे शाळा निघाल्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने!

असे का व्हावे? मराठी माणसाला यंत्राची बुद्धी नव्हती म्हणून? मुळीच नव्हे. गिरणीचे यंत्र लँकेशायरहून येई आणि ते उभारणारा मास्तरही तिकडूनच येई. यंत्र त्यांनी बनवावे, आपण ते पुसावे, असा तो व्यवहार होता. जो यंत्र विकतो त्याला गिऱ्हाईक शहाणे झालेले परवडत नसते.

या व्यवहाराला आव्हान मुंबईच्या गिरणगावातून मिळाले. आमच्या चळवळीतील माणसांनी येथे दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्या. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या आणि आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार आणि जखमी कामगाराला भरपाई या मागण्या मांडल्या. तीनच वर्षांनी, १८८७ साली, त्याच शहरात व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. सूत, कापड आणि यंत्रकाम हे तिचे विषय. ही संस्था भायखळ्याहून १९२३ साली माटुंग्यास गेली आणि १९९७ पासून वीरमाता जिजाबाईंचे नाव धारण करून आजही उभी आहे. एकीकडे यंत्राने मोडलेल्या माणसाची दाद, दुसरीकडे यंत्र समजून घेणाऱ्या माणसाची शाळा. या दोन गोष्टींचा संबंध त्या वेळी कोणी जोडला नसेल. आम्ही मात्र तो जोडणार आहोत.

ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि ज्यांच्या पुण्याईने आपण आज येथे बसलो आहोत, त्यांनीच १८९० साली पश्चिम हिंदुस्थानची औद्योगिक परिषद भरविली. त्याच साली बडोद्यास सयाजीराव महाराजांनी प्राध्यापक गज्जरांच्या हस्ते कलाभवन सुरू केले आणि धंदेशिक्षण लोकांना लोकांच्या भाषेत मिळावे असा आग्रह धरला. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या त्या इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांचे रेखाटन शिकवीत. बढतीच्या वेळी त्यांना डावलले, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास गेले आणि १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. तेथे लोखंडी नांगर निघाला आणि खेड्यातल्या शेतकऱ्यांची पोरे कारागीर झाली. रेखाटन शिकविणारा स्वतः भट्टीपाशी उभा राहिला, तेव्हा हे घडले.

आपल्या विदर्भाचा पट यापेक्षा निराळा नाही. नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. सरकारी इंजिनियरिंग स्कूल मात्र १९१४ साली निघाले, तेच आजचे शासकीय तंत्रनिकेतन. विश्वेश्वरय्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय नागपूरला आले १९६० साली. आणि आपला जुना चांदा जिल्हा? वरोऱ्याची कोळशाची खाण एकोणिसाव्या शतकातली, बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ साली स्थापन झालेली, चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ चा, आणि आपल्या भागातील सिमेंटचे काही कारखाने त्याच दशकातले. परंतु चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ साली आले. कोळसा आमचा, चुनखडी आमची, पाणी आमचे, जमीन तर आमचीच. आणि यंत्राची विद्या मात्र सर्वांच्या शेवटी आली. त्यामुळे जमीन देणाऱ्या गोंड, कोलाम आणि कुणबी घरांतली पहिली पिढी कारखान्यात शिरली ती हेल्पर म्हणून.

मधल्या काळातील एक पान सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. दुसऱ्या महायुद्धात कारागिरांची ददात पडली, तेव्हा सरकारने तंत्रशिक्षणाची योजना काढली. १९४१ पासून हिंदी तरुण कामगारांना शिक्षणासाठी विलायतेला पाठविण्यात आले. त्यांना ‘बेव्हिन बॉइज’ म्हणत, कारण योजना अर्नेस्ट बेव्हिन या ब्रिटिश मजूरमंत्र्याची. आणि बेव्हिन होता वाहतूक कामगारांचा पुढारी. १९४२ ते १९४६ या काळात हिंदुस्थान सरकारचे मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, आणि या योजना त्याच खात्याच्या होत्या. स्वातंत्र्यानंतर १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना येऊन आय.टी.आय. निघाल्या, १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. म्हणजे हाताला विद्या देण्याच्या कामात मजुरांचे पुढारी पूर्वीपासून आहेत.

तरीही दुभंग राहिलाच. आय.टी.आय. म्हणजे हात, पदवी म्हणजे कागद, आणि डिप्लोमावाला या दोहोंच्या मध्ये लटकलेला. या दुभंगाची किंमत काय पडते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

एका कारखान्यातली गोष्ट; नाव घेण्याचे कारण नाही. सिमेंटची भट्टी म्हणजे साठ-सत्तर मीटर लांबीची लोखंडी नळी, किंचित उतरती ठेवलेली. आत सुमारे १४५० अंशांची धग, आणि सारा बोजा बाहेरून रुळांवर पेललेला. त्या रुळांवर ती सावकाश फिरत राहते. अशा एका रुळाचे बेअरिंग पुन्हा पुन्हा तापू लागले. आमचे म्हातारे मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घराला लावीत आणि मूठ कानाशी धरून ऐकत. ते म्हणाले, “बेअरिंग चांगला हाय. खालची बैठक दबली हाय.” साहेबांनी आराखडा पाहिला. आराखड्यात बैठक सरळ होती. बेअरिंग बदलले, पुन्हा तापले. पुन्हा बदलले. तिसऱ्या खेपेला घाईत बदलताना ठेकेदाराकडच्या एका हेल्परची दोन बोटे गेली.

त्यानंतर डिप्लोमा करून नुकताच आलेला एक उमेदवार पोरगा मिस्त्रींपाशी बसला. तोही याच भागातल्या कामगाराचा मुलगा. त्याने मिस्त्रींचे म्हणणे ऐकून घेतले, उपकरण लावून मापे घेतली आणि कागदावर आकडे मांडले. बैठक काही मिलिमीटर खचली होती. आता साहेबांना नाही म्हणता येईना. बैठकीखाली पत्र्या घालून रूळ सरळ केला आणि बेअरिंग थंड राहिले.

मंडळी, येथे साहेब दुष्ट नव्हते आणि मिस्त्री देव नव्हते. मिस्त्रींना आजार कळला होता, पण तो साहेबांच्या भाषेत सांगता येत नव्हता. साहेबांना भाषा येत होती, पण कान नव्हता. मोंजची भूमिती आणि मिस्त्रींचा कान एकाच माणसात आले, तेव्हा यंत्र सुधारले. ते आधी आले असते तर दोन बोटे वाचली असती. लोखंड्यांनी जखमी कामगारासाठी भरपाई मागितली. ती मागणी आम्ही अजून मागतोच आहोत. परंतु जखम होऊच नये, यासाठी लागते यंत्रविद्या, आणि तीही यंत्राजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाच्या ताब्यात. म्हणून तांत्रिक शिक्षण हा आमच्या मते पगारवाढीइतकाच युनियनचा विषय आहे.

आजची परिस्थिती जमेची आहे, तशी काळजीचीही आहे. २०२१ पासून डिप्लोमाचे शिक्षण मराठी-इंग्रजी अशा दुभाषी पद्धतीने घेण्याची वाट आपल्या राज्यात मोकळी झाली. बडोद्याच्या कलाभवनाने धरलेला आग्रह सव्वाशे वर्षांनी आपल्या दारात आला. खेड्यातल्या पोराला ‘टॉर्क’ म्हणजे पिळाचा जोर हे मराठीत उमगले, तर इंग्रजी पुस्तकही तो धीराने उघडील. दुसरीकडे उमेदवारीच्या नावाखाली मुलांना वर्षभर झाडू मारावयास लावण्याचे प्रकार आम्ही पाहिले आहेत, आणि डिप्लोमा हाती असून ठेकेदाराच्या हजेरीपटावर वर्षानुवर्षे राबणारी मुलेही पाहिली आहेत. कॉलेजातील कार्यशाळेत लेथ एक आणि भोवती मुले वीस असली, तर शेवटच्या मुलाला फक्त पुढच्याची पाठ दिसते. आईबापांनी कॉलेज पाहावयास जावे तेव्हा इमारतीचा रंग पाहू नये. कार्यशाळेत जाऊन लेथवर ताजा कीस पडलेला आहे की धूळ, ते पाहावे.

आणि आता त्या बापाच्या प्रश्नाकडे येतो. पोराला हात काळे करावे लागतील का? होय, लागतील. मुलीने यंत्रशाखा घेतली तर तिलाही लागतील, आणि तिने ती जरूर घ्यावी. आम्ही त्या बापाला सांगतो : भाऊ, तुमचे हात काळे झाले, पण आराखडा दुसऱ्याच्या टेबलावर होता, हे तुमचे दुःख. पोराचे हात काळे होऊ द्या, मात्र आराखडा त्याच्या स्वतःच्या खिशात असू द्या. पहिल्या वर्षी सुटीत घरी आला की त्याला ‘किती मार्क पडले’ एवढेच विचारू नका. तुम्ही ज्या यंत्रावर तीस वर्षे काढली, ते कसे चालते, हे त्याला वहीत काढून दाखवायला सांगा. तो चुकला तर तुम्ही दुरुस्त करा. तुम्हांला जे ठाऊक आहे, ते कोणत्याही पुस्तकात नाही. आणि त्याला जे येते, ते तुम्हांला कुणी शिकविले नाही.

यंदा जूनमध्ये आमच्या कचेरीत जे येतील, त्यांच्यासाठी आम्ही एक जुना पाना, एक मोजपट्टी आणि भट्टीचा एक आराखडा टेबलावर मांडून ठेवणार आहोत. ज्यांची मुले यंत्रशाखेला जाणार असतील, त्यांनी त्यांना घेऊन अवश्य यावे.