कार्बन नॅनोद्रव्ये व पाण्यातील नैसर्गिक जैव द्रव्य

वनस्पती व सूक्ष्मजीव कुजल्याने नद्या-तलावांच्या पाण्यात मिसळणाऱ्या संमिश्र द्रव्यास नैसर्गिक जैव द्रव्य म्हणतात. ह्यूमिक व फल्व्हिक अम्ले हे त्याचे प्रमुख घटक होत. दलदलीतील पाण्याचा तपकिरी रंग त्यांच्यामुळेच येतो.

या द्रव्यांचा अभ्यास जुना आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रांट्स कार्ल आखार्ट यांनी 1786 मध्ये पीटपासून क्षाराच्या साहाय्याने ह्यूमिक द्रव्य वेगळे केले. पुढे बर्झीलियस यांनी स्वीडनमधील पोर्ला झऱ्याच्या पाण्यात अशाच स्वरूपाची अम्ले शोधली. कार्बन नॅनोद्रव्ये मात्र अलीकडची. क्रोटो, कर्ल व स्मॉली यांनी 1985 मध्ये फुलेरिनाचा शोध लावला. 1991 मध्ये सुमिओ इइजिमा यांनी कार्बन नलिकांचे वर्णन केले. ही द्रव्ये जलविरोधी असून शुद्ध पाण्यात त्यांचे पुंजके होऊन ती तळाशी बसतात. नदीतही तसेच घडेल, अशी अपेक्षा स्वाभाविक होती.

जॉर्जिया तंत्रविद्या संस्थेतील ह्युंग, फोर्टनर, ह्यूझ व किम यांनी 2007 मध्ये या अपेक्षेस छेद दिला. ओकेफनोकी दलदलीतून उगम पावणाऱ्या सुवानी नदीच्या पाण्यात बहुभित्ती नलिका घालून ढवळल्या असता त्या एक महिन्याहून अधिक काळ निलंबित राहिल्या. सोडियम डोडेसिल सल्फेट या प्रक्षालकाच्या 1 टक्का विद्रावापेक्षाही नदीतील जैव द्रव्य अधिक प्रभावी ठरले. जैव रेणूंमधील ॲरोमॅटिक भाग कार्बनच्या पृष्ठभागास चिकटतात. कार्‌बॉक्सिल गट बाहेरच्या बाजूस राहून त्यास ऋण विद्युत् भार देतात. त्यामुळे कण परस्परांस दूर सारतात.

तथापि हा परिणाम सर्वत्र सारखा नसतो. येल विद्यापीठातील चेन व एलिमेलेक यांना 2007 मध्येच असे आढळले की, कॅल्शियमाचे प्रमाण अधिक असल्यास ह्यूमिक रेणू फुलेरीन कणांमध्ये पूल बांधतात व कण उलट लवकर एकत्र येतात.

यावरून एकच द्रव्य एखाद्या मृदू, तपकिरी पाण्याच्या नदीतून दूरवर वाहत जाईल, तर कठीण पाण्यात गाळात साचेल, हे संभवते. पहिल्या स्थितीत ते पिण्याच्या पाण्याच्या उपशापर्यंत पोहोचू शकते. दुसऱ्या स्थितीत तळाशी राहणाऱ्या जीवांचा त्याच्याशी अधिक संबंध येतो. म्हणून अशा द्रव्यांच्या धोक्याचे अनुमान केवळ शुद्ध पाण्यातील प्रयोगांवरून करणे पुरेसे ठरत नाही. प्रत्यक्ष जलाशयाचे रसायनही विचारात घ्यावे लागते.