पक्षिस्थलांतराचे संशोधन
प्रजननक्षेत्र आणि हिवाळी निवासक्षेत्र यांच्यामध्ये पक्ष्यांचे समूह ठराविक ऋतूंत जी नियमित ये-जा करतात, तीस पक्ष्यांचे स्थलांतर म्हणतात. या ये-जेचे निरीक्षण प्राचीन आहे. तिचा पद्धतशीर अभ्यास मात्र जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. क्रौंच पक्षी सिथियाच्या मैदानातून नाईल नदीच्या उगमाकडील दलदलींपर्यंत जातात, हे ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यास ठाऊक होते; परंतु भिंगऱ्या हिवाळ्यात बिळांत निपचित पडून राहतात, असेही त्याने नमूद केले. स्वीडनमधील धर्मगुरू ओलाउस माग्नुस यांच्या १५५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तर बर्फाखालच्या पाण्यातून जाळ्यात सापडलेल्या भिंगऱ्यांचे वर्णन आहे. १८२२ मध्ये जर्मनीतील क्ल्यूट्झ या गावाजवळ मारलेल्या एका पांढऱ्या करकोच्याच्या मानेत आफ्रिकी बनावटीचा सु. ८० सेंमी. लांबीचा भाला आरपार रुतलेला आढळला. भाल्यासह तो आफ्रिकेतून परतला होता, हे उघड होते. रॉस्टॉक विद्यापीठात हा पक्षी जतन केलेला आहे.

असे योगायोग वारंवार घडत नाहीत. म्हणून पक्ष्यावर ओळखीची खूण करून त्यास सोडून देण्याची कल्पना पुढे आली. डेन्मार्कमधील व्हीबॉर येथील शिक्षक हान्स क्रिस्टियान मॉर्टेन्सेन यांनी प्रथम जस्ताची कडी वापरून पाहिली. ती जड ठरल्याने १८९९ मध्ये त्यांनी क्रमांक व गावाचे नाव कोरलेली ॲल्युमिनियमची कडी १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत अडकविली. या पद्धतीस वलयांकन म्हणतात. १९०१ मध्ये योहानेस टीनेमान यांनी बाल्टिक समुद्राकाठी रोसिटेन येथे स्थापन केलेल्या पक्षिकेंद्राने ती मोठ्या प्रमाणावर राबविली. मे १९११ मध्ये इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यात कडे घातलेली एक भिंगरी डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात सापडली, तेव्हा बिळांतील निद्रेचा प्रश्न कायमचा निकालात निघाला.

पक्षी कोठे जातात याबरोबरच ते केव्हा व कशाच्या प्रेरणेने निघतात, हाही प्रश्न होता. विल्यम रोवन यांनी १९२० नंतरच्या दशकात कॅनडातील एडमंटन येथे जंको पक्षी कडाक्याच्या थंडीत उघड्यावरील पिंजऱ्यांत ठेवले आणि दिव्यांच्या साहाय्याने त्यांचा ‘दिवस’ रोज थोडाथोडा वाढविला. ऐन हिवाळ्यात त्यांच्या जननग्रंथींची वाढ झाली. तापमानापेक्षा दिनमान निर्णायक असते, हे यावरून दिसून आले. दिशाज्ञानाच्या बाबतीत पेर्डेक यांचा १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग महत्त्वाचा होय. हेगजवळ पकडलेले अकरा हजारांहून अधिक स्टार्लिंग त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडले. प्रौढ पक्ष्यांनी दिशा बदलून नेहमीचा मुक्काम शोधला. प्रथमच प्रवास करणारे तरुण पक्षी मात्र मूळच्याच दिशेने उडत राहिले व भलतीकडे पोहोचले. दिशा उपजत असते, मुक्काम अनुभवाने कळतो, असा याचा अर्थ लावला जातो.

भारतात मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने (स्थापना १८८३) १९२० नंतरच्या दशकात लहान प्रमाणावर वलयांकन सुरू केले. परंतु त्यास खरी गती एका रोगाने दिली. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलातील माकडे मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांतील माणसे तापाने आजारी पडली. पुणे येथील विषाणू संशोधन केंद्राने शोधून काढलेला या रोगाचा विषाणू गोचिडांमार्फत पसरणारा असून सायबीरियातील मस्तिष्कशोथाच्या विषाणूशी त्याचे जवळचे नाते होते. हिवाळी पाहुणे पक्षी सायबीरियातूनच येतात. तेव्हा संसर्गित गोचिडी त्यांनीच आणल्या असाव्यात, असा तर्क साहजिकच पुढे आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ मध्ये सालिम अली (१८९६–१९८७) यांच्या नेतृत्वाखाली पक्षिस्थलांतर प्रकल्प सुरू झाला. कच्छ, भरतपूर इ. ठिकाणी शिबिरे भरली. पक्षी पकडण्याचे कसब बिहारमधील मीरशिकारांचे होते. पिढीजात पारध्यांचे हे ज्ञान शास्त्रज्ञांना मिळाले नसते, तर या कार्याची व्याप्ती पुष्कळच मर्यादित राहिली असती. शोधनिबंधांत मात्र त्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

पुढे या कार्यास अमेरिकी सैन्याच्या आर्थिक पाठबळाने आशियात चाललेल्या प्राणिरोग-सर्वेक्षणाची जोड मिळाली, आणि त्यातून वाद उद्भवला. ही माहिती जैविक युद्धास उपयोगी पडू शकेल, असा आक्षेप १९७४ च्या सुमारास घेण्यात आला. परदेशी सहकार्याने चाललेल्या संशोधनाची छाननी करणारा लोकलेखा समितीचा अहवाल १९७५ मध्ये संसदेस सादर झाला. त्यात या प्रकल्पाचाही परामर्श होता. सालिम अली यांनी आरोप नाकारला. संशोधकांच्या हेतूविषयी संशय घेण्याचे कारण दिसत नाही. तथापि पैसा कोणाचा व माहिती कोणाकडे जाणार, हा प्रश्न गैरवाजवी नव्हता. मूळ तर्क मात्र सिद्ध झाला नाही : क्यासनूरचा विषाणू पक्ष्यांनी सायबीरियातून आणल्याचा पुरावा मिळाला नाही. हा रोग नंतर सह्याद्रीच्या रांगेतून उत्तरेकडे सरकला व २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यात उद्भवला.

पक्ष्यांवर असाच संशय पुन्हा एकदा आला. २००५ मध्ये चीनमधील छिंगहाय सरोवरावर बर्ड फ्ल्यूने पट्टकादंब हंस मोठ्या संख्येने मेले. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कुक्कुटपालन केंद्रांत भारतातील पहिली साथ आली. यानंतर पट्टकादंबांच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारे प्रेषक बसविण्याचे काम वाढले. उपग्रहाद्वारे मागोवा घेण्याची ही सोय १९७८ पासूनच्या आर्गोस यंत्रणेमुळे उपलब्ध झाली होती. पक्ष्यांना पेलतील एवढे हलके प्रेषक त्यानंतर काही वर्षांनी तयार झाले. या मागोव्यातून शरीरक्रियेविषयी मोलाची माहिती हाती आली. भारतात व मंगोलियात प्रेषक बसविलेल्या हंसांवरील २०११ च्या अभ्यासानुसार हे पक्षी वाऱ्याच्या मदतीवाचून, बहुधा रात्री व पहाटे, सु. ८ तासांत हिमालयाची चढण पार करतात. थंड हवा अधिक घन असल्याने त्या वेळी उड्डाण सोयीचे पडते. त्यांच्या हीमोग्लोबिनाची ऑक्सिजन धरून ठेवण्याची क्षमता सखल प्रदेशातील हंसांहून अधिक असते. ते एव्हरेस्टवरून जातात ही लोकप्रिय समजूत या नोंदींवरून खरी ठरत नाही : नोंदलेली कमाल उंची ७,२९० मी. आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर ते भूपृष्ठालगत चढत-उतरत जातात, कारण विरळ हवेत उंचीवर टिकून राहणे अधिक खर्चाचे असते, असे दिसून आले.

मागोव्याचा संरक्षणास झालेला उपयोग अमूर ससाण्याच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. नागालँडमधील दोयांग जलाशयाकाठी २०१२ च्या हिवाळ्यापूर्वी जाळ्यांत अडकवून या पक्ष्यांची प्रचंड हत्या झाली. स्थानिक ग्रामसभा, चर्च, वनखाते व पक्षिमित्र यांच्या प्रयत्नांनी २०१३ मध्ये ती थांबली. त्याच नोव्हेंबरमध्ये तीन ससाण्यांवर प्रेषक बसवून त्यांना ‘नागा’, ‘वोखा’ व ‘पांगती’ ही नावे देण्यात आली. भारतीय द्वीपकल्प व अरबी समुद्र ओलांडून हे पक्षी आफ्रिकेकडे गेले. ज्या गावाच्या शिवारात आदल्या वर्षी जाळी लागली होती, त्या पांगतीचे नाव मिळालेली मादी २०१४ च्या अखेरीस दोयांगच्या परिसरात परतली.