हवाई अंतर व उड्डाणकाळ (पनवेल)

दोन विमानतळांमधील भूपृष्ठावरची सर्वांत कमी लांबी म्हणजे हवाई अंतर. गोलावर ती बृहद्वृत्ताच्या कंसाने मिळते. विमानवाहतुकीत ती सागरी मैलांत (१ सागरी मैल = १,८५२ मी.) मांडतात.

उगमबिंदू : पनवेल तालुक्यातील उलवे परिसरातल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, प्रवासी उड्डाणे २५ डिसेंबर २०२५ पासून. तोवर पनवेलकरांचे हवाई अंतर सांताक्रूझपासून धरले जाई. हे दोन विमानतळ सरळ रेषेत सुमारे २४ कि.मी. दूर असल्याने लांबच्या शहरांच्या आकड्यांत नगण्य फरक पडतो. खाडी ओलांडून सांताक्रूझ गाठणाऱ्याच्या वेळेत मात्र बराच.

गणन : दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन गोलीय त्रिकोणमितीने मधला कोन काढतात व त्याला पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येने (६,३७१ कि.मी.) गुणतात, कोन अर्थातच रेडियनमध्ये हवा. उलवे (१८° ५९' उ., ७३° ०४' पू.) ते दिल्ली विमानतळ (२८° ३४' उ., ७७° ०६' पू.) हा कोन सुमारे १०.२६° भरतो, म्हणजे सुमारे १,१४० कि.मी. किंवा ६१६ सागरी मैल. एवढ्या टप्प्यात शाळेतला पायथागोरसही जवळपास हेच उत्तर देतो. खरी गंमत न्यूयॉर्कची. भिंतीवरच्या नकाशात ते मुंबईच्या पश्चिमेला दिसते, पण सुमारे १२,५०० कि.मी.चा कंस मुंबईहून उत्तर-वायव्येला निघतो आणि वाटेत ६४° उत्तर अक्षांशाच्याही पलीकडे चढतो. पट्टीने आखलेली रेघ येथे साफ फसते.

दिशा : उलव्याच्या पहिल्या धावपट्टीचे क्रमांक ०८ व २६ आहेत. ते चुंबकीय दिशेवरून, दहा अंशांच्या हिशेबाने ठरतात. चुंबकीय उत्तर सरकत असल्याने तिची सलग नोंद लागते. हे काम मुंबईत कुलाबा वेधशाळेत चाले. विजेच्या ट्रामगाड्यांनी मोजमाप बिघडेल म्हणून ते अलिबागला नेण्यात आले. तेथील वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली. विमानतळ आणि वेधशाळा दोन्ही रायगड जिल्ह्यात असूनही पहिल्याची चर्चा करताना दुसरीची आठवण क्वचितच निघते.

उड्डाणकाळ : वेळापत्रकातली वेळ हवेतली नसते. चाकांची अडण काढून विमान निघाल्यापासून ते मुक्कामी थांबेपर्यंतचा काळ (ब्लॉक टाइम) तीत येतो. धावपट्टीकडे जाणे, रांग, आकाशातल्या घिरट्या यांची सोय त्यातच. उंचावरचे पश्चिमी वारे हिवाळ्यात जोर धरतात, म्हणून लंडनला जाताना परतीपेक्षा अधिक वेळ लागतो. हवाई हद्दी बंद झाल्या की अंतर तेच राहते, मार्ग लांबतो. → प्रमाण वेळ.

पूर्वपीठिका : जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले. एअर इंडियाचे पहिले मुंबई-लंडन विमान ८ जून १९४८ रोजी कैरो व जिनीव्हा येथे थांबत गेले.

मालवाहू उड्डाणे : → हवाई मालवाहतूक.