देवळालीचा ताप आणि कामाची रांग

आजचा विषय आहे सॉफ्टवेअरची ॲजाईल टीम कशी बांधायची आणि कशी चालवायची. हा विषय पुण्या-हिंजवडीचा, तो देवळाली कॅम्पात आणि तोही इतिहास म्हणून कशाला, असं तुम्हाला वाटलं असेल. आमचं म्हणणं असं की या विषयातला एक मोठा धडा याच गावात कधीचा घडून गेलाय. आपण तो त्या नजरेने वाचला नाही, इतकंच.

आधी गावाचं बघू. १८६१ साली इथे ब्रिटिश लष्कराची ट्रान्झिट छावणी उभी राहिली. विलायतेहून आलेले शिपाई इथून पुढे जायचे आणि नोकरीची मुदत संपलेले इथे येऊन परतीच्या जहाजाची वाट बघायचे. अडचण अशी होती की सैनिकांना नेणारी जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच हंगामात सुटत. मार्च उलटल्यावर मुदत संपली, की पुढचा हंगाम येईपर्यंत थांबणं आलं. हातात काम नाही, वर ऊन आणि मलेरिया. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायाने आपल्या आठवणींत या छावणीबद्दल लिहिलंय. वर्षानुवर्षं स्वच्छ कारकीर्द असलेली माणसं इथल्या रिकाम्या महिन्यांत बिघडली, काही तुरुंगात गेली, काहींनी जीवही दिला.

इंग्रजांनी या अवस्थेला नाव दिलं 'डूलाली टॅप'. डूलाली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. आजही इंग्रजीत माणसाचं डोकं फिरलं की तो 'डूलाली' झाला म्हणतात. आता गंमत बघा, खरं तर गंमत नाहीच ही. आजार होता जहाजांच्या वेळापत्रकाचा. नाव पडलं ते माणसाच्या डोक्याला आणि आपल्या गावाला. वेळापत्रकाला कुणी नाव ठेवलं नाही.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. १९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी एका निबंधात एकामागून एक टप्प्यांचं चित्र काढलं: आधी गरजा, मग आराखडा, मग कोड, शेवटी चाचणी. असं सरळसोट करणं धोक्याचं आहे, हेही त्यांनी त्याच निबंधात लिहिलं होतं. लोकांनी चित्र उचललं आणि इशारा सोडला. मग वर्षातून एकदा सुटणारं जहाज सॉफ्टवेअरमध्येही आलं. तुमचं काम मार्चमध्ये राहिलं, तर बसा पुढच्या हंगामापर्यंत. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी ॲजाईलचा जाहीरनामा लिहिला. त्याच्या तत्त्वांत एक साधी गोष्ट आहे: चालणारं सॉफ्टवेअर दर काही आठवड्यांनी, फार तर दोनेक महिन्यांनी लोकांच्या हातात द्या. म्हणजे जहाज लहान ठेवा, पण वारंवार सोडा.

याचं एक उदाहरण आपल्याच देशातलं आहे. २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टची एक दुरुस्ती-देखभालीची टीम हैदराबादला होती. जेमतेम मूठभर प्रोग्रामर आणि टेस्टर. एखादी छोटी दुरुस्ती मागितली, तर हातात पडायला पाच महिने लागत. साहजिकच टीम बदनाम होती. द्रागोस दुमित्रिउ नावाच्या मॅनेजरने ती हाती घेतली आणि डेव्हिड अँडरसन यांच्या सल्ल्याने एकच गोष्ट तपासली: काम नेमकं कुठे थांबतंय? उत्तर मिळालं, रांगेत. शिवाय प्रत्येक नव्या मागणीला किती वेळ लागेल याचा अंदाज तातडीने द्यावा लागे, आणि त्यासाठी लोक हातातलं काम सोडत. त्यातल्या बऱ्याच मागण्या पुढे कधी पूर्ण होतच नसत. त्यांनी अंदाज देणं बंद केलं आणि एका वेळी हाती किती काम घ्यायचं यावर मर्यादा घातली. कोड लिहायची पद्धत तीच राहिली, सुरुवातीला माणूसही वाढवला नाही. पुढे थोडी माणसं आली, पण तोवर गाडी रुळावर होती. नऊ महिन्यांत पाच महिन्यांचे दोन आठवडे झाले.

मग ते अंदाज इतकी वर्षं का चालू होते? इथे तोफखान्याची एक गोष्ट सांगतो, तोफखान्याच्या गावात ती सांगायलाच हवी. ती एल्टिंग मॉरिसन या इतिहासकाराने नोंदवलीय. दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्स पडल्यावर, ब्रिटनमध्ये एका तोफेच्या पाच जणांच्या तुकडीचं चित्रीकरण केलं. तोफ डागायच्या क्षणी दोघं जण तीन सेकंद नुसते ताठ उभे राहत. का, ते कुणालाच सांगता येईना. शेवटी एका जुन्या कर्नलला ते चित्रीकरण दाखवलं. त्याने दोनदा पाहिलं आणि ओळखलं: ते घोडे धरून उभे आहेत. तोफ ओढायला घोडे होते तेव्हा बार उडताना ते बुजू नयेत म्हणून धरावे लागत. घोडे गेले, ट्रक आले, पण धरणारे उभेच.

हैदराबादचे अंदाज म्हणजे असेच घोडे धरणं होतं. कवायत चोख होती, घोडा नव्हता.

तुमच्यापैकी जे टीम चालवतात त्यांना आम्ही एवढंच सांगू. कुणी ढिला पडला, चिडचिडा झाला, राजीनाम्याची भाषा बोलू लागला, तर आधी त्याच्या स्वभावाकडे बोट दाखवू नका. तो कशाची वाट बघत बसलाय ते विचारा: कुणाच्या मंजुरीची, कुणाच्या उत्तराची, कुठल्या तारखेची? मग टीमला एकत्र बसवून विचारा, आपण अजून कुठले घोडे धरून उभे आहोत? आणि उत्तर नव्या मुलाकडून आलं तरी ऐका. जुन्यांना घोड्याची सवय झालेली असते.

देवळालीत अडकलेल्या शिपायांना हे प्रश्न कुणी विचारले नाहीत. विचारले असते तर कदाचित काही जण धडपणे घरी पोचले असते.